तासभर हात हलवायचा नाही

४ ऑगस्ट

बारके,

पत्ता मावशीकडून घेतला. तिच्यावर चिडू नकोस, मी तिचं डोकं खाल्लं तेव्हा कुठे तिनं दिला. माझा नंबर तू बंद करून ठेवलायस, म्हणून हे कागदाचं काढलं. कागद फाडता येतो, पण फाडायच्या आधी वाचायचा मोह होतो, आणि तुला तो लहानपणापासून आहे. माझी वही मला कुलपात ठेवावी लागायची.

तर मुद्द्याचं. मला आईचंच झालंय. गर्भाशयाच्या तोंडाचा कॅन्सर. सात महिने अधूनमधून रक्त जात होतं आणि मी ते वयाच्या नावावर खपवत होते. अकरा वर्षांपूर्वी तू मला बजावलं होतंस, दर तीन वर्षांनी तपासून घे, पाच मिनिटांचं काम आहे. एकदाही गेले नाही. झालं, लिहून टाकलं, आता त्यावरून तू बोलायला नको.

किरणांची डॉक्टर वयानं तुझ्याहून लहान आणि उंचीनं माझ्या खांद्याला लागेल एवढी आहे, पण बोलायला लागली की समोरचा सरळ बसतो. ती म्हणाली, ऑपरेशनचा उपयोग नाही, किरणांचे शेक द्यायचे. बाहेरून पंचवीस, जोडीला आठवड्याला एक केमो, शेवटी आतून चार. पण सगळ्याच्या आधी पेट स्कॅन. ते कशाला, हे मी तिला दोनदा विचारलं आणि तिनं दोन्ही वेळा न कंटाळता सांगितलं. दुखणं कुठवर गेलंय ते दिसल्याशिवाय शेक कुठवर द्यायचे ते ठरत नाही. ओटीपोटात आणि जवळपासच्या गाठींत असेल तर बरं करायचं म्हणून उपचार करायचे. मानेपर्यंत पोचलं असेल तर मग नुसता त्रास कमी करायचा. तुझे भावोजी म्हणाले, "म्हणजे त्या फोटोवरच सगळं?" ती म्हणाली, "बरंचसं."

हे तुला काय सांगायचं. मावशी सांगत होती, तू तिकडे हेच करतेस, कॉम्प्युटरवर पेशंटच्या पोटाचे नकाशे घेऊन बसतेस आणि शेकाच्या रेघा आखतेस. आईच्या वेळी नुकती शिकत होतीस.

दुकानातून रजा घेतलीय. मालक म्हणतो, चष्म्याची काच फ्रेममध्ये बसवायला तुझ्यासारखा हात नाही, लवकर ये. गोड बोलायला त्याचं काय जातंय.

अक्षर फिसकटलंय ते शाईच्या पेनानं. डावऱ्या माणसानं शाईनं लिहू नये, आई सांगून थकली.

काही मागत नाहीये. तुला तिसऱ्याच कुणाकडून कळू नये, एवढंच.

ताई


९ ऑगस्ट, सकाळी ९ वाजून २० मिनिटं

बारके,

इंजेक्शन देऊन दहा मिनिटं झाली. ही पेट स्कॅनच्या आधी पडून राहायची खोली आहे. तासभर इथे, मग मशीन. तो तास तुझ्यावर खर्च करतेय.

स्कॅनवाल्याला भरघोस मिशा आहेत, म्हणून माझ्यापुरतं त्याचं नाव मिशा. काल जेवल्यापासून पोटात पाण्याशिवाय काही नाही. त्यानं बोटाचं रक्त घेऊन साखर तपासली, उजव्या हाताला सुई लावली आणि शिशाच्या डबीतून इंजेक्शन काढलं. साखरच असते म्हणे, किरणं सोडणारी. कॅन्सर हावरट, साखर ओढून घेतो आणि चित्रात चमकतो. मग मिशानं हुकूम सोडले. बोलायचं नाही, चालायचं नाही, वाचायचं नाही, तासभर हात हलवायचा नाही. फोन काढून घेतला. पेन माझ्या अंबाड्यात खोवलेलं होतं, ते त्याला दिसलं नाही. आणि सुई उजव्या हाताला आहे म्हटल्यावर तो निश्चिंत झाला. डावरी बाई कुणाच्या हिशेबातच नसते.

कोपऱ्यात कॅमेरा आहे, तो बाहेर बसून बघतो. म्हणून गुडघे वर घेऊन, त्यावर फाईल ठेवून, अंगावरच्या पांघरुणाच्या आत लिहितेय. डावा खांदा कानाशी आलाय आणि मान वाकडी झालीय. शाळेत बाकाखाली पुस्तक धरायचो तसं. एसी असा सोडलाय की आत बर्फ साठवलाय असं वाटावं.

आता जे लिहायचं ते लिहिते, नाहीतर तास असाच जाईल.

आईचे सोळा शेक झाले होते. पंचवीसमधले सोळा. तुला मी सांगितलं, आईच म्हणाली, आता नको, मला घरी राहू दे. दवाखान्यातही तेच सांगितलं. आई तसं म्हणाली नव्हती.

तिला जुलाब लागले होते, दिवसातून आठ-दहा वेळा. दवाखाना दोन बस बदलून. मी सकाळी तिचं करायचे, मग दवाखाना, मग दुपारून दुकान, मग घर. भावोजी तेव्हा बदलीच्या गावी होते. सोळाव्या शेकाच्या दिवशी परत येताना बसमध्ये तिचे कपडे खराब झाले. घरी आल्यावर मी ते धुतले आणि बाहेर आले, तर ती म्हणाली, "उद्या किती वाजता निघायचं गं?" आणि माझ्या तोंडून निघालं, "उद्या मशीन बंद आहे."

एका दिवसापुरतंच होतं ते, शपथेवर सांगते. मला एक दिवस हवा होता. दुसऱ्या दिवशी सकाळी ती वेणीफणी करून, दवाखान्याची पिशवी मांडीवर घेऊन बसलेली. "झालं का सुरू?" मी म्हटलं, नाही अजून. तिसऱ्या दिवशी पुन्हा तेच. चौथ्या दिवशी तिनं स्वतः स्टुलावर चढून पिशवी माळ्यावर टाकली. मी ओरडले, पडली असतीस म्हणून. पण मला हायसं वाटलं. मला वाटलं, आता ती विचारणार नाही. तिनं विचारलंच नाही.

तू आलीस तेव्हा खूप उशीर झाला होता आणि तू मला फक्त एवढंच विचारलंस, "खरंच तीच नको म्हणाली?" मी हो म्हटलं. त्यानंतर तू माझ्याशी बोलली नाहीस.

मिशा येतोय. मशीनमध्ये जायच्या आधी लघवीला जाऊन यायचं असतं, नाहीतर मूत्राशयातली साखर चमकून शेजारचं झाकून टाकते. घडी घालतेय.

ताई


१६ ऑगस्ट

बारके,

रिपोर्ट आला. छोटी डॉक्टर कॉम्प्युटरचा पडदा माझ्याकडे वळवून बसली. भावोजींनी विचारलं, डोकं एवढं का चमकतंय, डोक्यातही गेलंय का. ती म्हणाली, मेंदू साखरेवरच चालतो, सगळ्यांचाच चमकतो. मी म्हटलं, यांचा काढून बघा, मग कळेल. ती हसली, मग लगेच गंभीर झाली. तिथेच मी समजले.

गर्भाशयाच्या तोंडाशी मोठा गोळा चमकतोय, तो चमकणारच. डाव्या कुशीत आत एक गाठ चमकतेय. साध्या सीटीत ती अगदी गरीब दिसत होती, पेटनं तिला पकडलं. डॉक्टर म्हणाली, हे कळलं ते बरंच झालं, शेकाची हद्द तेवढी वर नेता येईल आणि त्या गाठीला जास्तीचा डोस देता येईल. इथवर ठीक.

मग तिनं चित्र वर सरकवलं. डावीकडे मानेच्या तळाला, हासळीच्या हाडाच्या वर, एक फिकट पट्टा. त्याच्या खाली सात मिलिमीटरची बारीक गाठ. गाठच चमकतेय की आजूबाजूचं काही, हे सांगता येत नाही. पण पोटातलं दुखणं वर चढलं की याच जागी उतरतं, म्हणून त्यांना या जागेची धास्ती. सुई घालून पाणी काढलं, नमुना अपुरा आला. चौथ्या वेळी मीच म्हटलं, पुरे.

तिनं विचारलं, "स्कॅनच्या आधी काही जड उचललंत? इंजेक्शननंतर काही काम?" मिशा दारातच उभा होता. भावोजी शेजारी. मी म्हटलं, नाही, गप पडून होते. आता मिशासमोर काय सांगणार, तुमचा कॅमेरा चुकवून लिहीत होते म्हणून? भावोजींनी विचारलं असतं काय लिहीत होतीस, आणि कुणाला. आणि लिहिणं म्हणजे काय ओझं उचलणं थोडंच आहे.

पुढच्या नाही, त्याच्या पुढच्या मंगळवारी, सत्तावीसला, सगळे डॉक्टर एकत्र बसून ठरवणार. मानेचं खरं धरलं तर पंचवीस शेक नाहीत, पाच-दहा देऊन रक्त थांबवायचं आणि घरी. नाही धरलं तर पूर्ण उपचार. डॉक्टर मला म्हणाली, "मी खोटी आशा देणार नाही." मी म्हटलं, देऊ नका.

भावोजींना वॉशिंग मशीन लावायला शिकवलं. तीन वेळा शिकवलं. चौथ्यांदा पांढऱ्या चादरी माझ्या निळ्या झग्याबरोबर टाकल्या. मी रागावले आणि मग न्हाणीघरात जाऊन रडले. चादरींसाठी नाही. मला भीती वाटतेय, बारके. मला पंचवीस हवेत. आईला दिले नाहीत ते मला हवेत, हे किती निर्लज्जपणाचं आहे ते मला कळतं, तरी हवेत.

ताई


२३ ऑगस्ट

बारके,

आज दुपारी दवाखान्यातून फोन आला, लगेच या. बसमध्ये मी भावोजींचा हात इतका घट्ट धरला की त्यांच्या अंगठीचा वळ माझ्या बोटावर उठला.

डॉक्टरनं आम्हाला बसवलं. पडदा वळवला. मला वाटलं पुन्हा मान. पडद्यावर माझं अक्षर होतं.

फिसकटलेली शाई. नऊ ऑगस्ट, सकाळी नऊ वाजून वीस मिनिटं. "इंजेक्शन देऊन दहा मिनिटं झाली." खालच्या तीन ओळी. आणि त्याच्या खालचा सगळा भाग कोऱ्या कागदानं झाकलेला. कागदाच्या कडेला तुझं बोट आलंय, नख कुरतडलेलं. अजून सुटलं नाही ते तुझं.

डॉक्टरनं तुझा निरोप वाचून दाखवला. "तुमच्या पेशंटची मी बहीण, याच कामात आहे. पेशंट डावखुरी आहे. इंजेक्शननंतरचा तासभर ती पांघरुणाखाली मान वाकडी करून लिहीत होती. मानेचे आणि खांद्याचे स्नायू साखर ओढतात. कृपया निर्णय घेण्याआधी मानेचं चित्र परत घ्यावं." पाच वाक्यं. मी मोजली.

डॉक्टर म्हणाली, "हे अक्षर तुमचं?" मी हो म्हटलं. "मी विचारलं होतं तुम्हाला." मी म्हटलं, हो. "तुम्ही नाही म्हणालात." हो. तिनं चष्मा काढून डोळे चोळले. त्या चष्म्याची डावी काच दोन मिलिमीटर सरकलेली आहे, मी सांगणार होते, पण ती वेळ नव्हती. ती म्हणाली, "तुमच्या एका नाहीमुळे मी तुम्हाला घरी पाठवायच्या बेतात होते, कळतंय का?" मला कळलं. माझ्या एका वाक्यानं घरी राहिलेली बाई मला माहीत आहे.

मिशाला बोलावलं. तो माझ्या डाव्या हाताकडे असा बघत होता की जणू त्या हातानं त्याचं घर लुटलंय. चित्रात हात डोक्यावर धरलेले, कोपराच्या पुढचं कापलेलं, नाहीतर बोटांपर्यंत उजेड पडला असता म्हणाला. माझी फक्त मान सापडली.

भावोजी बाहेर येऊन म्हणाले, "तू तिला लिहितेस?" मी म्हटलं, हो. ते म्हणाले, "बरं करतेस." बाकी काही विचारलं नाही.

म्हणजे तू वाचतेस. तिन्ही पत्रं वाचलीस आणि दुसऱ्या पत्राचं पान झाकायचं तेवढंच झाकलंस. मला राग आला, आधी तो आला हे खरं, की मला एक ओळ नाही आणि डॉक्टरला पाच वाक्यं. मग घरी येईपर्यंत तो टिकला नाही.

मंगळवारची बैठक पुढे ढकलली, गुरुवारी परत स्कॅन.

ताई


३१ ऑगस्ट

बारके,

मान स्वच्छ आहे.

बारीक गाठ आहे तिथेच आहे, पण अंधारात. काही ओढत नाही. सर्दीपडशाची असेल म्हणाले.

मिशा पूर्ण तास खुर्ची टाकून माझ्यासमोर बसला. दोन पांघरुणं दिली, एसी बंद केला. अंबाड्यात पेन आहे का तेही बघितलं. मी एकदा नाक खाजवलं तर त्यानं घसा खाकरला.

सोमवारी, नऊ सप्टेंबरला पहिला शेक. डॉक्टरनं पेटचं चित्र सीटीवर ठेवून, मला दाखवत दाखवत रेघ ओढली. गर्भाशय, तोंड, डाव्या कुशीतली ती गाठ, आणि तिच्या वर दोन मणके. आईच्या वेळी हे मशीन इथे नव्हतं. तिची चौकट हाडांच्या खुणांवरून आखली होती, तू चिडून म्हणाली होतीस, अंदाजानं. माझ्या अंगावर तीन ठिपके गोंदवलेत, मशीन त्यावर जुळवतात. मी रोज काचेवर मधोमध ठिपका देते, मग ती घासायला घेते. या वेळी काच मी.

एक गंमत. पेटला मूत्राशय रिकामं हवं आणि शेकाला भरलेलं. तुम्ही लोक एकदा काय ते ठरवा.

ताई


२ ऑक्टोबर

बारके,

काल माझा सतरावा होता. भावोजी म्हणाले, अर्ध्याच्या पुढे गेलो. ते नेहमी "गेलो" म्हणतात, शेक त्यांनाही लागतोय असं.

मी दोन ग्लास पाणी पिऊन, पिशवी मांडीवर घेऊन बाकावर बसले होते. पोट तिसऱ्या आठवड्यापासून बिघडलंय. आईला जे झालं तेच, तितक्याच वेळा. आता गोळ्या चांगल्या आहेत एवढाच फरक. खिडकीतली मुलगी बाहेर आली आणि म्हणाली, "आज मशीन बंद आहे, उद्या या."

मी तिला म्हटलं, खरंच बंद आहे का? ती म्हणाली, हो मावशी. मी तिला तीनदा विचारलं. चौथ्यांदा मी उठून आतल्या दाराशी गेले, कान लावला आणि दार ढकललं. आत दुरुस्तीवाला जमिनीवर उकिडवा बसून स्क्रू काढत होता, तो बघेपर्यंत मला खरं वाटलं नाही. मग तिथेच भिंतीला टेकून उभी राहिले. भावोजींना वाटलं चक्कर आली.

आई तीन दिवस विचारत होती. मी तिला दार उघडून दाखवायला तर नेलंच नव्हतं.

आज सुट्टी असूनही मशीन सुरू ठेवलं. सतरावा झाला. टेबलावर पडल्यावर वर छताला एक ओला डाग आहे, त्याकडे बघत राहायचं असतं. मी आईला सांगितलं, झाला गं सतरावा. मोठ्यानं नाही, आतून माइकवर ऐकू जातं त्यांना.

जुलाब कमी होतात म्हणे, शेक संपले की दोन आठवड्यांत. तेव्हा मला कुणीतरी हे सांगितलं असेल. मी ऐकलं नसेल.

उरलेले आठ घेणार. रांगत जावं लागलं तरी.

ताई


९ नोव्हेंबर

बारके,

पंचवीस झाले, आतले चारही झाले. आतल्यांबद्दल लिहीत नाही, तुला माहीत आहे, आणि पोस्टमननं वाचावं असं ते नाही.

तुझं पत्र काल आलं. जिन्यातच फोडलं. एक पान, दहा ओळी. अकरा वर्षांनी तुझं अक्षर बघितलं तर अजून तसंच उभं, शिस्तीतलं. मला ते आता पाठ झालंय, तरी इथे उतरवून काढते, म्हणजे मी नीट वाचलंय हे तुला कळेल.

"ताई, मशीन चालू आहे हे आईला माहीत होतं. तिसऱ्या दिवशी तू दुकानात गेल्यावर तिनं दवाखान्यात फोन करून विचारलं. मग मला केला. म्हणाली, ताई दमलीय गं, तिला काही बोलू नकोस, तुला माझी शपथ आहे. मी येऊन तिला नेऊ शकले असते. माझी शेवटची परीक्षा होती. आले नाही. तुझ्याशी बोलत राहिले असते तर हे कधीतरी तोंडातून निघालं असतं, म्हणून बोलणंच टाकलं. तू स्वतःहून सांगितलंस, आता शपथ सुटली असं धरते. फेब्रुवारीतल्या स्कॅनला येते. त्या तासात लिहू नकोस."

मी जिन्यातच बसले. वरच्या मजल्यावरची बाई दळण घेऊन उतरत होती, तिला वाट द्यायला उठावं लागलं, मग परत बसले.

म्हणजे चौथ्या दिवशी ती पिशवी तिनं मला मोकळं करायला माळ्यावर टाकली. आणि मी तिच्यावर ओरडले, पडली असतीस म्हणून.

तू मला दोषी धरलंयस असं मी इतकी वर्षं धरून चालले. तू स्वतःला धरून बसली होतीस. आपण दोघी मोठ्या शहाण्या. मला तुझा राग येतोय की तू परीक्षा टाकून आली नाहीस, आणि तुला माझा येत असणार, आणि तो येऊ दे. त्याला काही औषध नाही. पण ये.

स्टेशनवर घ्यायला भावोजी येतील. त्यांचे केस गेलेत, ओळखशील की नाही म्हणून सांगितलं.

ताई


१२ फेब्रुवारी

बारके,

तू काल गेलीस आणि आज मी लिहायला बसले. आता फोन लागतो तरी लिहितेय. सवय लागलीय आणि फोनवर तू मधे मधे बोलतेस.

त्या तासाबद्दल सांगायचं राहिलं. मिशानं तुला आत सोडलं नाही, तू दाराच्या काचेला नाक लावून उभी होतीस. मी हात हलवते का ते बघत होतीस, खोटं बोलू नकोस. मी हलवला नाही. डावा हात पोटावर ठेवला, त्यावर उजवा. तासभर आई नुसती आठवली. मी तिला काही समजावत बसले नाही. ती कशी शिंकायची, ते आठवलं. एका पाठोपाठ सात.

मग डॉक्टरनं पडदा वळवला. तू रोज असली चित्रं बघतेस, तरी खुर्चीच्या काठावर बसली होतीस. डॉक्टर म्हणत होती, खाली बघा, खाली बघा, गोळा गेलाय, कुशीतली गाठ गेलीय. आणि तू वरच बघत होतीस, मानेकडे, डावीकडे. ती अंधारात होती. मग तू खाली आलीस. तिथेही अंधार. नंतर तू डॉक्टरशी तुमच्या भाषेत काहीतरी आकडे बोललीस आणि तुझा आवाज फाटला, म्हणून खोकल्याचं सोंग केलंस. मी ओळखलं. तिच्या चष्म्याची काच मी कालच सरळ करून दिली, न विचारता.

पुढची तपासणी तीन महिन्यांनी, नुसती हातानं. स्कॅन लगेच नाही.

तू निघायच्या आधी मी तुझ्यासाठी चहा टाकत होते. परत बाहेर आले तर तू स्टुलावर चढलेली, हातात माझी दवाखान्याची पिशवी. रिकामी केलेली, घडी घातलेली. मी ओरडणार होते, पडशील म्हणून. ओरडले नाही. तू ती माळ्यावर आत सारलीस, हात झटकलेस आणि उतरलीस. आपण दोघींनी चहा घेतला.

पिशवी तिथेच आहे. असू दे.

ताई